ओपन-बॉक्स रिसीव्हर आणि रिफर्बिश्ड ॲम्प: दुकानातच काय काय तपासून घ्यायचं?

ऐरोलीकर
ठाण्यातल्या एका डीलरकडे दोन वस्तू बघून ठेवल्यात. एक 7.2 चॅनेलचा (सात स्पीकर, दोन सबवूफर) एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना पुरवणारा ॲम्प. ओपन-बॉक्स आहे, म्हणजे खोकं आधी उघडलेलं, किंमत नव्यापेक्षा 22 टक्के कमी. दुसरा जुना स्टिरिओ ॲम्प, रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला), सोबत फ्लोअरस्टँडरची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या स्पीकरची, जोडी. तासभर वाजवून बघू देतील. तेवढ्या वेळात काय तपासावं आणि बिलावर काय लिहून घ्यावं?

मल्टीमीटर_ठाणे
ओपन-बॉक्समध्ये मशीन बहुधा ठणठणीत असतं, घोळ कागदपत्रांत आणि हरवलेल्या ॲक्सेसरीजमध्ये निघतो. रिफर्बिश्डचा खरा प्रश्न म्हणजे नक्की काय बदललंय. ‘सर्व्हिसिंग झालंय’ एवढ्यावर मान डोलवू नका. फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा स्थिर ठेवणारे मोठे नळकांडे) बदलले का, स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच) बदलला का, बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा प्रवाह) आणि डीसी ऑफसेट (स्पीकरकडे जाणारा नको असलेला डीसी व्होल्टेज) सेट केला का, हे एकेक करून विचारा आणि झाकण उघडून दाखवायला सांगा. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. बुडाशी तपकिरी थर दिसला तर तो गळतीचाच असतो असं नाही, जुना गोंदही तसाच दिसतो. पण तो गोंद काळपटल्यावर वीज वाहू लागतो, म्हणून तोही खरवडून काढलेला हवा.

मागचं लेबल वाचा. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ हवं. 100 व्होल्ट असेल तर माल जपानचा, 120 असेल तर अमेरिकेचा. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा गळ्यात, आणि तो स्वतःच गुणगुणतो.

गेल्या गेल्या ॲम्प चालू करून ठेवा, 15 मिनिटं तापू दे. मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकर टर्मिनलवर मीटर लावा. आधी 20 व्होल्ट डीसी रेंज, काही धोका दिसला नाही तर 200 मिलिव्होल्ट. दोन्ही चॅनेल 50 मिलिव्होल्टच्या आत हवेत. 100 च्या वर गेलं तर घेऊ नका: तो डीसी थेट व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तापवतो.

नंतर अगदी हळू आवाजात गाणं लावा. एक बाजू दबलेली किंवा खरखरती येत असेल आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर अचानक मोकळी होत असेल, तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. दुकानात नेहमी मोठ्याने वाजवतात, त्यामुळे हे लपून जातं. रिले स्वस्त असतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो, पण तो डीलरनेच बदलून द्यावा.

सगळे इनपुट काढूनही ‘हूं’ असा आवाज येत असेल आणि व्हॉल्यूमने तो कमी-जास्त होत नसेल, तर बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात.

वूफर_कोपरी
स्पीकरचं मी सांगतो. कोनच्या कडेची रिंग रबराची की फोमची ते आधी बघा. फोमवर बोटाचं पेर हलकं टेकवा. चिकट लागलं किंवा काळी पूड निघाली तर फोम संपला, आपल्या दमट हवेत तो लवकर जातो. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत दाबा, कान जवळ. कागद घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासतेय. ट्वीटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) डोमला हात लावू नका.

8 ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स साधारण 5.5 ते 7 दाखवतो. मागे चार टर्मिनल असतील तर त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या काढून खालच्या जोडीवर मोजा. वरच्या जोडीवर मीटर सर्किट ओपन दाखवेल. तिथे क्रॉसओव्हरचा (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणून ट्वीटर गेला असं समजू नका.

तळाची कडाही चाचपा. खोक्याच्या एमडीएफने (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीने) पाणी प्यायलं की ती फुगते, आणि फुगलेलं परत बसत नाही.

ऐरोलीकर
धन्यवाद दोघांनाही. आणि रिसीव्हरचं?

एचडीएमआय_वाशी
खोक्यात सेटअप माइक आहे का, हे आधी बघा. रूम करेक्शन, म्हणजे खोलीनुसार आवाज आपोआप जुळवणं, त्याच्याशिवाय होत नाही आणि एका कंपनीचा माइक दुसऱ्याला चालवून उपयोग नाही, कारण त्याचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. रिमोट आणि अँटेनाही मोजून घ्या.

आपली एचडीएमआय केबल घेऊन जा आणि प्रत्येक पोर्ट लावून बघा, एआरसीसकट (टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे आणणारा पोर्ट). मॉडेल 2020 चं असेल तर जास्त जपून, कारण त्या वर्षीच्या काही कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये 4के 120 हर्ट्झ चालवताना काळा पडदा येत होता. आतल्या टेस्ट टोनने सातही चॅनेल एकेक ऐका. शेवटी फॅक्टरी रिसेट.

सीरियल नंबर खोक्यावर, मागच्या लेबलवर आणि बिलावर एकच हवा. आधी कोणाच्या नावे बिल फाटलं असेल तर कंपनीची वॉरंटी त्या तारखेपासून धरतात, म्हणून किती महिने उरलेत ते बिलावर तारखेसकट लिहून घ्या. ‘ओपन-बॉक्स’ हा शब्द आणि 7 दिवसांत बदलून देण्याची अटही बिलावरच हवी, तोंडी नको. वॉरंटी कंपनीची असेल तर 22 टक्के सूट ठीक आहे. फक्त दुकानाची असेल तर 35 टक्क्यांपेक्षा कमी सुटीवर मी हात लावणार नाही.

पुढे वाद झालाच तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते.

वूफर_कोपरी
एक राहिलं. मूळ थर्माकोल किंवा फोम नसेल तर ॲम्प गाडीत आडवा-उभा करू नका. ट्रान्सफॉर्मरचं वजन एका बाजूला असतं, धक्क्याने बोर्डाला तडा जातो. झाकण वर ठेवून मागच्या सीटवर बेल्ट लावून आणा.