धार लावायच्या दुकानात तक्रारी वाढल्यात. चूक माझी की गिऱ्हाइकाची, हे कसं ठरवायचं? मदत हवी आहे

शहापूरचा_धारवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं धार लावायचं लहान दुकान आहे. अण्णांनी (वडिलांनी) तीस वर्षं पायाने फिरवायच्या चाकावर काम केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी बसायला लागलो. सहा इंची बेंच ग्राइंडर घेतला. काम भराभर उरकतं, पण तक्रारी पण तेवढ्याच भराभर यायला लागल्यात. अण्णांच्या काळात महिन्याला एखादी यायची, आता आठवड्याला दोन-तीन.

सगळ्या एका जातीच्या नाहीत. विळी घेऊन आलेली बाई म्हणते, "पातं किती झिजवलंस, निम्मं राहिलं." धार लावली की लोखंड जाणारच, ते तिला कसं समजवायचं? मिक्सरच्या पात्याला धार लावून दिली की दुसऱ्या दिवशी "चटणी बारीक होईना" म्हणून परत. बघितलं तर खालचा बुश गेलेला असतो. गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत खानापूरकडच्या दोघांचे कोयते बदलले. दोघेही माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले. अण्णांनी आतून येऊन नुसत्या मुठी बघितल्या आणि कुणाचा कुठला ते सांगितलं. मला ते जमत नाही.

पण हा धागा काढला तो एका कात्रीसाठी. वडगावच्या एक अक्का साड्यांना फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवतात. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. पितळी मुठीची दहा इंची मेरठची कात्री. महिन्यात दोनदा परत आणली. पहिल्यांदा मी फुकट लावून दिली. दुसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अक्का, कागद-पुठ्ठा कापला असणार तुम्ही. माझ्या धारेत काही खोट नाही." दुकानात चार माणसं होती. अक्का काही बोलल्या नाहीत. कात्री पिशवीत ठेवली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या अण्णांनी लावलेली धार दिवाळीपासून गणपतीपर्यंत चालायची रे. तुझी पंधरा दिवस पण टिकंना झालीय."

ते वाक्य डोक्यातून जाईना. नंतर त्यांच्या मुलाचा फोन आला की कात्री बाद झाली, नवीचे पैसे द्या. आता मला हे सांगा: धार टिकत नाही हा दोष लावणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, हे बघून कळतं का? कुठल्या तक्रारीला फुकट करून द्यायचं, कुठे पैसे परत करायचे आणि कुठे ठामपणे नाही म्हणायचं? आणि चार माणसांत जे बोललो, ते कसं सुधारायचं?

उद्यमबाग_टूलरूम

बावीस वर्षं टूलरूममध्ये घालवली, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या पोस्टमधलं "सहा इंची बेंच ग्राइंडर घेतला" हे वाक्य मी दोनदा वाचलं. सहा इंची चाक मिनिटाला २,८०० फेरे मारतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर होतो. अण्णांच्या चाकाला याच्या पासंगालाही वेग नसणार, आणि त्यावर पाणी टिपकत असणार. तुम्ही कोरडं घासता का?

मेरठच्या जुन्या कात्र्या कार्बन स्टीलच्या असतात. असं पोलाद तापलं की रंग बदलतं. २२०-२३० अंशांना गवती पिवळं, पुढे तपकिरी, जांभळं, आणि ३०० च्या आसपास निळं. निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरलं, पोलाद मऊ झालं. अशा जागी धार लागते, छान लागते, दुकानात कागद सर्रकन कापला जातो. पण ती टिकत नाही. पंधरा दिवस हा हिशोब मला अगदी पटतो. आणि निळा डाग घासून पुसला तरी आतला मऊपणा तसाच राहतो. निळं पडल्यावर पाण्यात बुडवून उपयोग नाही, उतरलेलं पाणी तसं परत येत नाही.

खात्री करायची असेल तर बारीक कानस घ्या. मुठीजवळच्या चांगल्या भागात ती घसरेल, मऊ जागी चावेल. धारेवर नको, पाठीच्या अंगाला धारेलगत हलका हात फिरवा. कागद कापल्याने धार बोथट होते, पण पातं कानसेला मऊ लागत नाही. गिऱ्हाइकाचा दोष आणि आपला दोष इथेच वेगळा होतो.

दुसरं, कात्रीची आतली बाजू ग्राइंडरला लावलीत का? ती किंचित खोलगट असते आणि पाती जराशी वाकलेली असतात, म्हणून मिटताना दोन्ही पाती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. आतून सपाट केली की कापड कापायच्या ऐवजी दोन पात्यांत दुमडून अडकतं. धार फक्त बाहेरच्या उतारावर लावायची. आतून बर (घासल्यावर धारेला उरणारी पातळ कड) काढायला सपाट दगडावर एकच अलगद हात.

शहापूरचा_धारवाला

कोरडंच घासतो. मध्ये मध्ये बुडवतो, पण गर्दीत राहून जातं. आतल्या बाजूला लावत नाही, ते अण्णांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. निळं पडलेलं मी बघितलंय. पॉलिश करून दिलं की दिसत नाही, म्हणून पॉलिश मारायचो. हे लिहिताना हात थांबतोय, पण विचारलंय तर खरं सांगायला पाहिजे.

टिळकवाडी_शिवणवर्ग

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आमच्यासाठी कात्री म्हणजे हात. ब्लाऊजपीस कुणाचा तरी लग्नातला असतो. टोकाशी कापड चावलं गेलं की भरून आम्ही देतो, धारवाला नाही. त्यामुळे अक्का दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या मागे काहीतरी खराब झालेलं असणार. ते तुम्ही विचारलं नाहीत, आधी आरोप केलात.

आणि हेही खरं की आम्ही सगळं सांगत नाही. पेपर कटिंग त्याच कात्रीने करणाऱ्या बायका माझ्या वर्गात दरवर्षी असतात. कात्री टेबलावरून पडते, टोकावर पडते, तेही लपवलं जातं. पण "कागद कापलात ना?" असं विचारलं की कोण हो म्हणणार? कात्री घेतानाच विचारायचं, "काय काय कापता? जॉर्जेट, कॉटन, कॅनव्हास?" बाई आपणहून सांगते. ते तिच्यादेखत वहीत लिहा.

घेताना आणि देताना दोन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या हातानेच कापड कापून बघू द्या, तुमच्या हाताने नाही. वर्तमानपत्र कुठलीही कात्री कापते. ओली मलमल किंवा पातळ शिफॉन घ्या आणि फक्त टोकाच्या अर्ध्या इंचाने कापायला सांगा. तिथे पास झाली तर घरी तक्रार होत नाही. कधी कधी धार उत्तम असते आणि नुसता खिळा सैल असतो. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

निपाणीकर

आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या कात्र्या असतात, पान कापायच्या. मजुरी हजार विड्यांवर. कात्री दोन दिवस तुमच्याकडे राहिली तर दोन दिवसांची मजुरी कमी. इथला एक जुना धारवाला चार कात्र्या नुसत्या बदलीला ठेवतो. तुझी होईपर्यंत ही वापर, म्हणतो. त्याच्याशी कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही. भांडण धारेपेक्षा कामाचा खोळंबा होण्यावरून जास्त होतं, हे माझं मत.

कोयत्यांचं सोपं आहे. पत्र्याचे नंबर पाडलेले बिल्ले, एक मुठीला तारेने, जोडीचा गिऱ्हाइकाच्या हातात. खंडेनवमी असो की कारखाने सुरू व्हायच्या आधीची ऊसतोडीवाल्यांची गर्दी असो.

कोर्टगल्ली

कायद्याचं थोडक्यात, कारण मुलगा नवीचे पैसे मागतोय. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निक्षेप. कलम १५१ सांगतं की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेतली पाहिजे. घेतली असेल तर नुकसानीला तुम्ही जबाबदार नाही, घेतली नसेल तर आहात. निळं पडलेलं पॉलिश करून देणं यात बसत नाही, हे तुम्हालाही कळलंय. उलट बाजूने, काम नीट केलंय आणि गिऱ्हाईक पैसेच देत नाही, तर कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी येते. पैसे घेऊन धार लावणं ही सेवाच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कुणीही फोन करू शकतं. पण दहा इंची कात्रीसाठी आयोगापर्यंत कुणी जात नाही. माणूस जातो तो दुकानात अपमान झाला म्हणून. पावती छापा, मराठी आणि कन्नड दोन्हीत: वस्तू, आधीचे दोष (खाच, गंज, वाकलेलं टोक), काय करून दिलं, तक्रार किती दिवसांत. "एकदा दिलेल्या वस्तूची जबाबदारी नाही" असली पाटी मात्र लावू नका.

शहापूरचा_धारवाला

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

वडगावला अक्कांच्या घरी गेलो. दुकानात बोलावलं नाही, स्वतः गेलो. मशीनवर बसल्या होत्या. मी कानस बरोबर नेली होती. टोकापासून अडीच इंच कानस चावत होती, पुढे मुठीकडे घसरत होती. त्यांना हाताने करून बघायला लावलं आणि म्हटलं, "अक्का, हे माझ्या चाकाने झालंय. तुम्ही कागद कापला नव्हता." त्यांनी टीप पूर्ण केली, दोरा तोडला, मग मशीन थांबवली. आतून एक मोतिया रंगाचा ब्लाऊज आणून दाखवला. बाहीला चावा गेलेला होता. टिळकवाडीच्या ताईंनी लिहिलं होतं तसंच.

नवीचे पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. म्हणाल्या, "ही मला आईनं दिलेली आहे. हीच कर."

घरी आणून अण्णांच्या पायाच्या चाकावर लावली. अण्णा शेजारी स्टुलावर, डब्यातून पाणी सोडत. चाक मी फिरवत होतो, पातं पण माझ्याच हातात. बोट पात्याच्या मागे उघडं ठेवायचं, चटका लागायच्या आत थांबायचं. मऊ भाग जाईपर्यंत दीड मिलिमीटर खाल्लं, साडेतीन तास गेले. पातं अरुंद झालं म्हणून खिळा परत ठोकून बसवला. शिफॉनवर टोक अजून जरासं ओढतं, अगदी शेवटचं गव्हाच्या दाण्याएवढं. अक्कांना ते लपवलं नाही. त्यांनी कापून बघितलं आणि म्हणाल्या, "महिनाभर वापरून सांगतो." ब्लाऊजपीसचे आणि धारेचे पैसे मात्र हातात ठेवून आलो. तोवर दुकानातली एक बदलीची कात्री पण त्यांच्याकडे दिलीय.

ग्राइंडरला पांढरं चाक बसवलं, ते कमी तापतं. ड्रेसर (चाकाचं तोंड खरवडायचं हत्यार) पण घेतला, चकचकीत झालेलं चाक नुसतं घासत होतं हे आता कळलं. कार्बन स्टीलच्या कात्र्या मात्र पायाच्याच चाकावर. दिवसाला सहाच होतात. दर ८० चे १२० केले आणि का केले ते सांगतो. दोघेजण परत गेले, बाकीच्यांनी दिले. बिल्ले पाडून आणले.

एक राहिलं. वही काढून बघितली तर या दोन वर्षांत पॉलिश मारून दिलेल्या, मला नक्की आठवणाऱ्या अजून नऊ कात्र्या आहेत. त्यातल्या सात जणांनी तक्रार केलीच नाही, नुसते यायचे बंद झाले. त्यांना फोन करायचाय. दोनदा नंबर लावून ठेवून दिला. सुरुवात कशी करू?

टिळकवाडी_शिवणवर्ग

"तुमची कात्री मी तापवून बिघडवली होती, आणून द्या, नीट करून देतो, पैसे नकोत." एवढंच. गर्दी, लाईट, चाक यातलं काही सांगू नका. आणि दुपारी तीनच्या पुढे करा, तेव्हा आम्ही जेवून परत मशीनवर बसलेल्या असतो आणि कात्री समोरच असते.