'तुझी शिक्षा येशूनं भोगली' हे लहान मुलांना सांगावं का?

भायखळ्याची ताई
सर्वांना सलाम. मी एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. माझं ठाम मत आहे की दहा वर्षांखालच्या मुलांना वधस्तंभ शिकवताना शिक्षेपासून सुरुवात करू नये.

मे महिन्यातल्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत, अजूनही ते बिनशब्दांचं पुस्तक दाखवतात. काळं पान म्हणजे पापी मन, तांबडं म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन. इंग्रज उपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली लंडनमध्ये या तीन पानांवर उपदेश केला होता. सोनेरी पान मागाहून आलं. पण आपल्याकडे ज्या मुलीला घरचेच उठसूट 'काळी' म्हणतात, तिच्यासमोर काळं पान धरून 'हे तुझं मन' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तशीच ती रेल्वेच्या पुलाची गोष्ट. गाडीतले प्रवासी वाचावेत म्हणून बाप यंत्रात अडकलेल्या स्वतःच्या पोराला मरू देतो. रोज लोकलनं फिरणारी मुलं ती ऐकून बापाला घाबरतात. आणि शिकवण म्हणूनही ती चूक आहे, कारण त्या पोराला कुणी विचारलेलंच नसतं. बायबलमध्ये योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो.

मी जक्कयाची गोष्ट आधी घेते. लोकांना नागवणारा जकातदार. येशू आधी त्याच्या घरी जातो, मग तो चौपट परत करायला उभा राहतो. हा क्रम मुलांना लगेच कळतो.

अंधेरीचा संडेस्कूलवाला
ताई, काळं पान काढून टाका, पुलाची गोष्टही टाका, माझी काही हरकत नाही. पण पापच मागे ढकललंत तर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मुलांना काय सांगणार? एका भल्या माणसाला रोमनांनी खिळलं, एवढंच? प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की जे मला मिळालं ते मी सर्वांत आधी तुम्हाला सांगितलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला. सर्वांत आधी!

मुलांना पाप कळत नाही हे मोठ्यांनी ठरवलंय. वर्गातल्या मुलाचं पेन दप्तरात लपवून रात्री जागणाऱ्या पोराला ते पुरतं कळतं. नुसतं 'येशूचं तुझ्यावर प्रेम आहे' सांगितलं तर त्या ओझ्याचं तो काय करणार? कुणीतरी ते उचललंय, हे त्यानं ऐकायलाच हवं. भीतीचं म्हणाल, तर न सांगितल्यानंच ती जास्त वाढते.

गोराईकर
आमच्या कॅथलिक घरांत हा प्रश्न सातव्या-आठव्या वर्षीच येतो. पोप दहावे पायस यांनी १९१० साली पहिल्या कम्युनियनचं (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचं) वय खाली आणलं, त्याआधी कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, आलंच. तिथं पोर जगाच्या पापाचं बोलत नाही, बहिणीला मारलं हे सांगतं. चोरलेलं परत करावं लागतं, हेही आमच्या शिकवणीत आहे. फादर मायेचे असले की मूल हलकं होऊन बाहेर येतं.

चेंबूरचा वाचक
मी बौद्ध घरातला, म्हणून बाहेरून विचारतो. धम्मपदात (गाथा १६५) आहे की वाईट आपणच करतो, शुद्धही आपणच होतो, कुणी दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही. तुमच्या पोराला 'दुसऱ्यानं भरलं' असं शिकवलं तर आपली जबाबदारी आपली, हे ते कधी शिकणार? पेन चोरलेल्या पोरानं पेन परत द्यावं. एवढं पुरे नाही का?

भायखळ्याची ताई
चेंबूरचे दादा, पेन परत द्यायलाच हवं. म्हणूनच तर जक्कय. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, हे यहेज्केलातही (१८:२०) आहे. पण परत करायला धीर लागतो. मला अजून कुणी टाकलेलं नाही हे ठाऊक असलेलं मूलच पेन घेऊन मित्रासमोर जातं. क्षमा आधी मिळते, ती काही सूट नव्हे.

अंधेरीच्या दादांना एकच सांगते. येशू आपल्यासाठी मेला हे मी सोडत नाही. 'देवाला कुणाला तरी शिक्षा करायचीच होती' ही मांडणी मात्र मुलांवर लादत नाही. निकेयाच्या मतांगीकारात (मंडळीच्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत) 'आमच्या तारणासाठी' एवढंच आहे, कसं ते बांधून दिलेलं नाही. धर्मपंडित अन्सेल्मनं अकराव्या शतकाच्या शेवटी, पापानं माणूस देवाच्या सन्मानाचा ऋणी होतो आणि ते ऋण ख्रिस्त फेडतो, अशी मांडणी केली. शिक्षेची मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांकडून. मंडळी त्याआधीही उत्तम शुक्रवार पाळतच होती.

अंधेरीचा संडेस्कूलवाला
इतिहास मान्य. पण बायबलमधला यशयाचा ५३ वा अध्याय सुधारकांनी लिहिलेला नाही. 'आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला' हे मुलांच्या कानावर कधी घालणार तेवढं सांगा. बारा-तेराव्या वर्षी निम्मी मुलं रविवारी क्लासला जातात, तुमच्यासमोर बसतच नाहीत.

भायखळ्याची ताई
ही अडचण खरी आहे, म्हणून दृढीकरणापर्यंत (मोठं झाल्यावर मूल मंडळीत आपला विश्वास स्वतः कबूल करतं तोवर) मी थांबत नाही. दहाव्या वर्षानंतर उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) तो अध्याय पूर्ण वाचून घेते, एकही ओळ न गाळता. पण त्याआधी त्या मुलाला जक्कयाचं घर माहीत असलं पाहिजे, यावरून मी हलणार नाही.