स्पॉक वाळूत गायला, तर आभाळ कोसळलं का?

खडूसकाका
परवा इथेच एका विद्वानाने लिहिलं की, त्या काळातल्या अमेरिकन व्हरायटी शोंनी (टीव्हीवरचे गाणी-नाच-विनोदाचे कार्यक्रम) विज्ञानकथा मालिकांच्या नटांना माकडासारखं नाचवलं आणि विज्ञानकथेची उरलीसुरली इज्जतही घालवली. पुरावा काय, तर ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेत टोकदार कानांचा स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉयचं बिल्बो बॅगिन्सवरचं, म्हणजे टोल्कीनच्या ‘द हॉबिट’ कादंबरीच्या नायकावरचं गाणं. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, साल १९६७. ‘स्टार ट्रेक’ला अजून वर्ष पुरं झालेलं नाही. पुढे मालिका जेमतेम तीन सीझन, ७९ भाग टिकली. अशा वेळी ‘मालिबू यू’ या व्हरायटी शोवाल्यांनी गायला बोलावलं, तर माणूस जाईल की सोवळं नेसून घरी बसेल? त्याच वर्षी कॅरल बर्नेटच्या शोमध्ये, अदृश्य माणसाच्या बायकोच्या स्किटमध्ये, तो स्पॉक होऊन येऊन गेला. आता गंमत बघा. ट्रेक एनबीसीवर, ‘मालिबू यू’ एबीसीवर, बर्नेटबाई सीबीएसवर. प्रतिस्पर्धी चॅनेलला तुमचं पात्र पाहुणं म्हणून हवंसं वाटतं, याला इज्जत जाणं म्हणतात?

तर्कटराव
तो विद्वान मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

काका, ती क्लिप शेवटची कधी पाहिलीत? समुद्रकिनारा, नाचणाऱ्या पोरी, पोरींना प्लास्टिकचे टोकदार कान. मध्ये स्पॉकचा केशकट तसाच ठेवलेला निमॉय. आणि गाणं कोणाचं, तर हॉबिटचं! व्हल्कन (स्पॉकची जमात) काय, हॉबिट (बिल्बोची) काय, कान दिसले की झालं. याला मी अपमान म्हणतो. प्रतिस्पर्धी चॅनेलचं कौतुक राहू द्या. निमॉयच्या रेकॉर्डी काढणारी डॉट कंपनी पॅरामाउंट या सिनेमा कंपनीची, आणि ट्रेक बनवणारा डेसिलू स्टुडिओही १९६७ मध्ये पॅरामाउंटच्याच मालकाने घेतला. रेकॉर्ड खपवायची होती, दुसरं काय. वर तो गातही नाहीये, रेकॉर्डवर नुसते ओठ हलवतोय.

पेटीवाले मास्तर
ओठ हलवण्याचा विषय काढलात, आता ऐका. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक पोरगा कॅसेट लावून ‘गायचा’. माईक हातात, डोळे मिटलेले. एका वर्षी दुसऱ्या कडव्यात टेप अडकली. आवाज आधी बेडकासारखा झाला, मग बंद. पोरगा डोळे मिटून तोंड हलवतोच आहे. मी बाजूला पेटी घेऊन बसलेलो, मला कोणी वाजव म्हणालं नव्हतं. पहिलं बक्षीस तरी त्यालाच. तेव्हापासून या प्रकाराचा मला तिटकारा आहे. निमॉय असो की आणखी कोणी.

चहाटळ
मास्तर, आपली अख्खी हयात पार्श्वगायनावर गेली. हिरो झाडाभोवती ओठ हलवतो तेव्हा तिटकारा कुठे जातो?

पेटीवाले मास्तर
सिनेमात आवाज दुसऱ्याचा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पडद्यावर त्याचं नाव येतं. इथे माईक धरून फसवणूक चालते. फरक कळत नसेल तर बोलू नये.

चहाटळ
निमॉयने स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवले. मग फसवणूक कोणाची? पंचवीस वर्षं एका बक्षिसावर जळताय, इतकंच दिसतंय.

पेटीवाले मास्तर
तीस वर्षं. आणि हो, जळतोय.

जर्सीकर
गाण्यावरून इतकं रण माजलंय आणि ‘ट्रेक’मधल्या उहुराचं, म्हणजे निशेल निकल्सचं नाव कोणीच घेत नाही? ड्यूक एलिंग्टन आणि लायोनेल हॅम्प्टन या जॅझवाल्यांबरोबर गायलेली बाई ती. रंगमंच तिचं मूळ घर. पहिल्या सीझननंतर ब्रॉडवेच्या नाटकांसाठी मालिका सोडायलाही निघाली होती. मार्टिन ल्यूथर किंगनी थांबवलं, असं तीच सांगायची. तर्कटराव, तुमच्या हिशेबाने तिने गाण्यासाठी मालिका सोडली असती तर तो विज्ञानकथेचा अपमान झाला असता का? दूरदर्शनवर रविवारी सकाळी ट्रेक लागायची तेव्हा माझी आई फक्त उहुरासाठी समोर बसायची. ‘ही एकटीच काम करतेय, बाकीचे खुर्च्या उबवतायत,’ म्हणायची.

अलिप्त
१९८० चा बाहुल्यांचा ‘मपेट शो’ विसरलात! ‘स्टार वॉर्स’चा नट मार्क हॅमिल, त्यातली पात्रं थ्रीपीओ आणि च्युबाका, आणि सगळे थेट शोमधल्या डुकरांच्या अंतराळयानात. त्यात हॅमिल स्वतःची टर उडवतो. असं करायला दम लागतो.

तर्कटराव
‘स्टार वॉर्स’ सिनेमा आहे. धागा मालिकांच्या नटांबद्दल आहे. वाचून लिहा.

अलिप्त
बरं साहेब. मग ट्रेकचा कॅप्टन कर्क झालेला शॅटनर घ्या. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी शो, डिसेंबर १९८६. संमेलनात जमलेल्या ट्रेकवेड्यांनाच तो झापतो, की ती नुसती टीव्ही मालिका होती, आता जरा स्वतःचं आयुष्य जगा. मग आयोजक करारपत्र दाखवतो, तेव्हा घाईघाईने सारवासारव, की मघाशी बोलला तो दुष्ट कर्क होता. चालेल का हे, की यालाही एखादं कलम लावता?

तर्कटराव
तो शो जुन्या व्हरायटीत बसत नाही. पण स्किट चांगलं आहे. लिहिणाऱ्याने मालिका मन लावून पाहिली होती, दुष्ट कर्कचा भाग त्याला माहीत होता. मालिबूवाल्यांना कान सोडून काहीच माहीत नव्हतं. माझी तक्रार तेवढीच आहे. थट्टा करा, पण आधी बघा तरी.

खडूसकाका
म्हणजे आता व्हरायटी शो वाईट नाहीत, मालिका न बघता लिहिणारे वाईट. हे परवाच लिहिलं असतंत तर मला इतकं टंकावं लागलं नसतं. तुमची माघार मोठ्या मनाने स्वीकारतो.

तर्कटराव
माघार नाही, स्पष्टीकरण. आणि क्लिप पाहिलीत की नाही ते अजून सांगितलं नाहीत.

खडूसकाका
पाहिली, रात्री तीनदा. ओठच हलवतोय, मान्य. कानांचंही मान्य. आणि सकाळपासून बायको विचारतेय, हे बिल्बो, बिल्बो काय लावलंय.