युरिको कोइके: राजकारणी की अजूनही अँकरच?

पारावरचा
2024 ला टोकियोच्या गव्हर्नरपदाला (आपल्या राज्यपालांसारखं नेमणुकीचं नव्हे, थेट लोकांनी निवडायचं पद) कोइके आणि रेन्हो समोरासमोर होत्या. दोघीही मूळच्या टीव्हीवाल्या. रेन्हो तिसऱ्या आल्या, कोइके तिसऱ्यांदा गव्हर्नर झाल्या. पण 1988 पासून टीव्ही टोकियोवर अर्थविषयक बातम्या देणाऱ्या कोइकेबाईंनी अँकरिंग सोडलंय कुठे? 1992 ला होसोकावांचा जपान न्यू पार्टी, मग शिनशिन्तो, मग ओझावांचा लिबरल पक्ष, पुढे कन्झर्व्हेटिव्ह, 2002 ला एलडीपी (लिबरल डेमोक्रॅटिक, तेव्हाचा सत्ताधारी पक्ष). ज्याची चलती, त्याच्या पंगतीला पाट.

सांजवात
असहमत. 2005 ची कूल बिझ मोहीम आठवा. पर्यावरणमंत्री म्हणून ऑफिसातले एसी 28 अंशांवर ठेवायला सांगितलं. पण भर उन्हाळ्यात टाय-कोट काढायचा धीर जपानी बाबूला होणार कसा? मग खुद्द पंतप्रधान कोइझुमी बिनटायचे कॅमेऱ्यासमोर! वरिष्ठानेच टाय काढला म्हटल्यावर खालच्यांना मोकळं रान. नुसतं परिपत्रक काढून हे झालं नसतं. कॅमेरा कळणारा माणूसच लागतो.

पारावरचा
कूल बिझ मान्य. पण 2016 ला पहिल्यांदा गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या तेव्हा रेल्वेतली गर्दी शून्यावर आणू म्हणाल्या होत्या. डबलडेकर गाड्यांची कल्पनाही होती. कुठे आहेत त्या?

मुक्काम पोस्ट
डबलडेकर गेल्या बाराच्या भावात, पण पाळणाघरांचं बोला की! टोकियोत 2016 ला साडेआठ हजारांच्या आसपास मुलं प्रतीक्षायादीत होती, 2024 ला चारशेच्या आत. आणि 2016 ची निवडणूक त्यांनी एलडीपीच्या अधिकृत उमेदवाराला पाडून जिंकली. प्रचारात माजी गव्हर्नर इशिहारांनी त्यांचं वय आणि मेकअपचे थर काढले, तर चेहऱ्यावरचा डाग झाकते म्हणून शांतपणे मोकळ्या झाल्या. पुरुष उमेदवाराची पावडर कधी कुणी काढलीये?

पारावरचा
शेरा हलकटच होता, वाद नाही. पण 2017 च्या संसदीय निवडणुकीचं काय? किबो नो तो हा नवा पक्ष काढला, हवा तयार झाली, आणि पत्रकारांसमोर सांगून बसल्या की आपल्या पक्षात येऊ पाहणाऱ्या विरोधकांतल्या नको असलेल्यांना वगळणार. वगळलेल्यांनी विरोधी नेते एदानोंच्या मागे जाऊन वेगळा पक्ष उभा केला आणि तोच पुढे गेला. मतदानाच्या दिवशी बाई पॅरिसला, महापौरांच्या परिषदेत! एका वाक्यात पक्ष बुडवणारी ही कसली अँकर?

सांजवात
म्हणजे त्या अँकर म्हणूनही कच्च्या? मग वरचं तुमचंच म्हणणं निकालात निघालं 😄