मदत हवी आहे : ११ आठवड्यांची लेक भुकेली असते, तरी दूध सोडून रडते

नमस्कार. पहिलंच बाळ आहे आणि आत्ता रात्रीचे पावणेतीन वाजलेत. जरा लांबण होईल, पण कृपया पूर्ण वाचा.

लेक ११ आठवड्यांची आहे. दिवस पूर्ण भरून झाली, जन्माचं वजन २.९ किलो. फक्त अंगावर पिते. मी अजून माहेरी आहे, तासगाव तालुक्यात. सासर सांगलीत, विश्रामबागला. पहिले तीन आठवडे छान गेले, चौथ्यापासून दूध टाकायला लागली. बाळं टाकतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

आता काय होतं ते सांगते. भूक लागली की मूठ चोखते, छातीकडे झेपावते. घेतली की दोन-तीन मिनिटं घटाघटा पिते. मग एकदम अंग ताठ करते, पाठीची कमान करून मान मागे टाकते आणि किंचाळते. परत घेतलं की दोन घोट, परत तेच. अर्धवट झोपेत असली तर मात्र शांतपणे पोटभर पिते. म्हणून मी दिवसभर ती पेंगायची वाट बघत बसते. पाजून आडवी केली की पाचेक मिनिटांनी घशात गुडुक असा आवाज येतो, तोंड वाकडं करून काहीतरी गिळते आणि रडायला लागते. बाहेर काहीच येत नाही. कधी आलं तर खांद्यावरच्या पंचाला नासलेल्या दह्यासारखा आंबट वास येतो.

सांगलीत बालरोगतज्ज्ञांना दोनदा दाखवलं. वजन ४.६ किलो भरलं. "वजन वाढतंय, ढेकर काढत जा, काळजी करू नका," एवढंच म्हणाले. ती पिताना कशी करते हे कुणी बघितलं नाही. वजन वाढतंय हे खरं, पण आधी आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या वर वाढायचं, गेल्या दोन आठवड्यांत मिळून फक्त १८० ग्रॅम वाढलंय. आणि वजन वाढलं म्हणजे दुखत नाही असं थोडंच आहे? उलटी हिरवी नाही, रक्त नाही, लघवी दिवसाला सात-आठदा होते. शी मात्र शेंबडासारखी चिकट होते, आणि गालांवर लाल खरखरीत चट्टे आलेत.

घरी प्रत्येकाकडे उपाय आहे. आज्जी वेखंड उगाळून चाटवायचं म्हणते, मी देऊ दिलं नाही. बेंबीभोवती हिंग लावतो. मालिशवाल्या मावशी पाजल्यावर लगेच येतात आणि पोट दाबून चोळतात. तेव्हा तर ती निळीजांभळी होईस्तोवर रडते.

मुख्य प्रश्न असा, की माझ्या खाण्यातल्या दुधामुळे हे होत असेल का? मला दूध यावं म्हणून शतावरी दुधातून, अळिवाची खीर दुधातली, रात्री हळद घालून पेलाभर. दारात म्हैस आहे, दिवसाला लिटरभर तरी माझ्या पोटात जातं. आई म्हणते, "म्हशीचं आहे गं, गाईचं नाही, त्यानं काही होत नाही." आणि बाळंतिणीनं दूध सोडायचं म्हटलं की घरात सगळे असे बघतात, जणू मी लेकीलाच उपाशी ठेवतेय. कुणाला असा अनुभव आहे का? किती दिवसांत फरक पडतो?

प्रतिसाद – साताऱ्याची एक आई

ताई, आधी एक सांगते. तुझं काही चुकत नाहीये. माझा मुलगा आता पावणेदोन वर्षांचा आहे, त्याचं अगदी असंच होतं, कमान आणि किंचाळणं सगळं.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू या वयात कच्चा असतो, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, मग बाळ बसायला लागलं की कमी होत जातं, आणि बहुतेकांचं वर्षाच्या आत थांबतं. नुसतं दूध टाकणाऱ्या हसऱ्या बाळाला काहीच करावं लागत नाही. तुझ्या लेकीला दुखतंय, शीला चिकटा आहे, गालावर चट्टे आहेत, त्यामुळे दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचार. म्हशीच्या दुधानंही तेच होतं, शेळीच्याही. आईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव, आपलं ऐकत नाहीत.

मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं दूध, दही, ताक, पनीर, खवा, तूप सगळं बंद केलं. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा दूध पावडर आहे का ते वाचायचे. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, डाळी, नाचणी, तीळ यावर राहिले, कॅल्शियमची गोळी चालू ठेवली. अळीव नारळाच्या दुधात शिजव, छान लागतात. अंगावरचं दूध कमी झालं नाही. दोन ते चार आठवडे द्यायचे. फरक पडला तर थोडं दूध पिऊन त्रास परत होतो का बघतात, म्हणजे खात्री होते. चार आठवड्यांत काहीच फरक नाही, तर उगीच उपाशी राहू नकोस, दूध सुरू कर.

बाकी थोडं थोडं आणि वारंवार पाज. पाजल्यावर अर्धा तास उभी धर, पण पोट मुडपून बसवू नको. मालिश पाजण्याआधी, हे मावशींना ठणकावून सांग. पान्हा जोरात येत असेल तर मागे रेलून पाज, तिला ठसका कमी लागेल. जबरदस्तीनं तोंडात देऊ नको, त्यानं ती आणखी घाबरते. झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर. झोळीत पोट दुमडतं, उशा लावून उंच करणंही सुरक्षित नाही.

प्रतिसाद – मिरजेहून, नर्स आहे

उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, कारंज्यासारखी जोरात व्हायला लागली, ताप आला, लघवी कमी झाली किंवा प्यायचंच सोडलं, तर रात्र असली तरी थांबू नका. तोंडात पांढरा थर पुसून निघत नसेल तर तेही दाखवा, त्यानंही पिताना दुखतं. रडण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांपुढे धरा. वजन उतरत्या चालीनं वाढतंय, ही नोंद कागदावर न्या. आम्लाचं औषध स्वतःहून मेडिकलमधून आणू नका. आणि मध चाटवायला कुणी सांगितलं तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही.

धागाकर्ती – २३ दिवसांनी

व्हिडिओ घेऊन मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिथेच मला पाजायला लावलं आणि पूर्ण वेळ बघत बसले. दूध बंद करायला त्यांनीच सांगितलं, आईसमोर. घरी आल्यावर आईनं एक शब्द न बोलता खिरीचं पातेलं शेजारी देऊन टाकलं.

पहिले नऊ दिवस काहीच फरक नाही, मी रडले. बाराव्या दिवशी शी बदलली. आता दिवसातली दोन-तीन पाजणं न रडता होतात, संध्याकाळचं अजून अवघड जातं. काल ११ मिनिटं पिली आणि माझ्याकडे बघत राहिली. या आठवड्यात १६० ग्रॅम वाढली. दूध परत पिऊन बघायचंय, पण अजून धीर होत नाही. ज्यांनी तो टप्पा केलाय त्यांनी सांगा, सुरुवात कशानं केलीत?