डोंगरातल्या पर्यटनगावात नेहमीचे पॉइंट सोडून काय बघायचं, आणि ते शोधायचं कसं?

रानवाट (प्रश्न)
डोंगरातल्या कुठल्याही पर्यटनगावाची यादी काढा, तेच ते दिसतं: केबल कारचं वरचं स्टेशन, तलाव, एक धबधबा, सूर्यास्ताचा पॉइंट. 'फारशा कोणाला माहीत नसलेल्या जागा' म्हणून जे छापतात तेही फिरून हेच. मुक्काम चार दिवसांचा. सोबत साठीच्या पुढचे दोघं, गुडघे बेताचे, पण सपाट वाटेवर दोन-तीन तास आरामात चालतील. नकाशावरून जागा शोधायची काही पद्धत आहे का? आणि नकाशातली वाट प्रत्यक्षात आहे की नाही, हे आधी कसं कळणार?

कंटूरवाला
याद्या बाजूला ठेवा आणि समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा उघडा. 1:25,000 चा मिळाला तर उत्तम, त्यात 1 सेंमी म्हणजे जमिनीवर 250 मीटर. लगतच्या दोन रेषांत उंचीचा फरक किती, ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. बहुधा 10 किंवा 20 मीटर. समजा 20 आहे आणि वाट 1 सेंमीत पाच रेषा ओलांडते. म्हणजे 250 मीटरमध्ये 100 मीटर चढ, जवळपास 22 अंश. तुमच्या मंडळींसाठी ही वाट बाद.

आता रेषांना समांतर जाणाऱ्या वाटा बघा. उंची न बदलता डोंगराच्या कुशीतून दोन-तीन किलोमीटर जाणारी वाट सहसा आपोआप पडत नाही, कोणीतरी ती बांधलेली असते. बऱ्याचदा पाण्यासाठी. स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागातले 'बिस' आणि मदेरा बेटावरचे 'लेवाडा' हे असेच पाट. त्यांच्या देखभालीची वाट कडेनेच जाते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचंही तसंच. मात्र सपाट म्हणजे बिनधोक नव्हे. कड्यात खोदलेल्या टप्प्यावर रुंदी कधी जेमतेम एका माणसापुरती असते, कठडा असतोच असं नाही, आणि पाझरामुळे दगडावर शेवाळ असतं. समोच्चरेषा एकमेकींना चिकटल्यात तिथूनच वाट जात असेल तर शेजारी कडा आहे असं समजा. बोगदा असेल तर फोनच्या उजेडावर विसंबू नका, डोक्याला लावायची टॉर्च घ्या.

सावकाश
वरच्यांशी सहमत, पण साठीच्या लोकांसाठी पाटापेक्षा चांगली गोष्ट गावाला लागूनच सापडते. डोंगरातली बरीच पर्यटनगावं मुळात आजाऱ्यांना हवापालट म्हणून वाढली. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला 1865 च्या हिवाळ्यात क्षयाचे रुग्ण येऊ लागले, स्कीइंग फार नंतरचं. 1880 च्या दशकात म्युनिकचे डॉक्टर ओर्टेल यांनी हृदयरोग्यांना ठरावीक चढाच्या वाटांवर मोजून चालायला लावायची पद्धत रूढ केली. मग अशा गावांतून मंद चढाच्या, वळणावळणाच्या, थोड्या-थोड्या अंतरावर बाक असलेल्या वाटा झाल्या. इटलीत मेरानोची टाप्पाइनरवेग ही तिथल्या डॉक्टरांच्या नावाची वाट, सुमारे 4 किलोमीटर, गावाच्या छपरांच्या वरच्या अंगाने जाणारी. रशियात किस्लोवोद्स्कच्या उद्यानात तर चढाच्या प्रमाणात आखलेले मार्ग अजून आहेत.

म्हणून नकाशात जुनं सॅनेटोरियम, खनिज पाण्याचा झरा, वनस्पती उद्यान शोधा आणि तिथून निघणाऱ्या नागमोडी रेघा बघा. केबल कारने सगळ्यांना थेट वर नेलं की या वाटा ओस पडतात. माझ्या मते अशा गावातलं सगळ्यात चांगलं चालणं इथेच आहे.

ठिपकेरेघ
वाट खरी आहे का, याबद्दल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर कोणीही रेघ काढू शकतो, त्यामुळे नुसती ठिपक्यांची रेघ हा पुरावा नव्हे. रेघेवर टिचकी मारून तिची माहिती उघडा. 'सॅक स्केल' म्हणजे स्विस अल्पाइन क्लबची श्रेणी, टी1 (सगळ्यात सोपी) ते टी6. तुमच्यासाठी टी1; टी2 फक्त कोरड्या हवेत. 'ट्रेल व्हिजिबिलिटी', म्हणजे वाट किती स्पष्ट दिसते, ती खराब लिहिली असेल तर सोडा. दोन्ही रकाने रिकामे असतील तर उपग्रहचित्रात वाट दिसते का बघा, आणि मुक्कामाला पोचल्यावर पर्यटन कार्यालयात ती वाट सध्या उघडी आहे का एवढंच विचारा. दरड कोसळून वाट बंद झाली तरी नकाशातली रेघ वर्षानुवर्षं तशीच राहते.

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. घळीत मात्र कड्यांवरून सिग्नल परावर्तित होतो आणि निळा ठिपका पलीकडच्या काठावर उडी मारतो. तेव्हा ठिपक्याचं नाही, वाटेचं ऐका.

रानवाट
फार उपयोगी. वेळेचा अंदाज कसा बांधायचा? नकाशाचं ॲप 6 किलोमीटरला सव्वा तास सांगतं.

कंटूरवाला
ॲपने चढ धरलेला नाही. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892 चा नियम वापरा: दर 5 किलोमीटरला 1 तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास. 6 किलोमीटर आणि 300 मीटर चढ म्हणजे 72 अधिक 30, एकूण 102 मिनिटं. हे धडधाकट माणसाचं, न थांबता. तुम्ही दीडपट धरा, थांबे वेगळे. तीन तास राखून ठेवा. बेताच्या गुडघ्यांना उतार जास्त छळतो, म्हणून जमल्यास चढ पायी आणि परत गाडीने. केबल कारने उतरणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

सावकाश
आणि सूर्यास्ताच्या छापील वेळेवर जाऊ नका. ती सपाट क्षितिजाची असते. अरुंद दरीत सूर्य तास-दोन तास आधीच डोंगराआड जातो आणि गारठा लगेच पडतो. हात ताठ पुढे धरून सूर्य आणि कडा यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा: एक बोट साधारण 15 मिनिटं. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाट होतो, तेव्हा उघड्या धारेवरची वाट सकाळी उरकायची आणि झाडीतली दुपारी.