विषय: आईचा खुबा मोडलाय, उद्या ऑपरेशन

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये मध्येच घुसतोय, माफ करा. काल साताऱ्याला आई मोरीत घसरली. वय 79, उजवा खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन, पाठीत इंजेक्शन देऊन. एक्स-रेसाठी तिला जरा हलवलं तेव्हा दादाचा फोन चालू होता, ती ओरडलेली मी इथे लेस्टरला ऐकली. आता म्हणे सुईसाठी उठवून, वाकवून बसवणार. कसं जमायचं हे?

---

अरे, आधी दादाला फोन कर, मेल मग वाच. भूलतज्ज्ञांना त्याने एवढंच विचारायचं: बसवण्याआधी जांघेत ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, देणार ना?

पाठीतल्या सुईचं काही नाही, मुंगी चावल्यासारखी. जीव जातो तो बसताना. मोडलेलं हाड हललं की मांडीचे स्नायू आवळतात आणि आणखी कळ येते. म्हणून सोनोग्राफीवर बघत जांघेजवळ, स्नायूवरच्या पडद्याखाली, बधिर करणारं औषध पातळ करून 30-40 मिली सोडतात. हा फॅशिया इलियाका ब्लॉक. मग 20-30 मिनिटं थांबायचं. टेबलावर घाई झाली की ही मिनिटंच आधी कापली जातात, म्हणून ब्लॉक लवकर द्यायला सांगा. 2018 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी 'पेंग' ब्लॉक मांडला, त्यात सांध्याच्या पुढून येणाऱ्या बारीक नसाच गाठतात, मांडीची ताकद बरीचशी राहते. डॉक्टरांचा हात ज्यात बसलाय तो चालेल.

दुखणं शून्यावर येईल असं मात्र समजू नका. बसवताना शिरेतून थोडं फेंटानिल किंवा केटामिन, ही कळ मारणारी जोरदार औषधं, कधी लागतं. बसणं नाहीच जमलं तर कुशीवरही सुई देता येते. या वयात मॉर्फिनच्या जातीचं औषध जास्त झालं की माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, आणि कळा सोसायला लावल्या तरी तेच. आमच्याकडे ब्रिटनमध्ये 2011 पासून नाइसची (उपचार कसे करावेत ते ठरवणारी सरकारी संस्था) नियमावली आहे: दर सहा तासांनी पॅरासिटामोल, त्याने भागलं नाही तर ओपिऑइड (तीच मॉर्फिनच्या जातीची औषधं), तरीही नाही तर ब्लॉक. डायक्लोफिनॅकच्या जातीची दुखण्यावरची औषधं या पेशंटना देऊ नयेत असंही त्यात आहे. आपल्याकडे ते इंजेक्शन फार सहज टोचतात, तेवढं विचारून घ्या.

आई रक्त पातळ करायची गोळी घेते का? घेत असली तर शेवटची कधी घेतली ते आजच सांगा. पाठीतली भूल द्यायची की नाही, त्यावर ठरतं.
– काकू, मँचेस्टर

---

काकू,
गोळी चालू नव्हती. ब्लॉक बाहेरच्या खोलीतच दिला. डॉक्टर दादाला म्हणाले, "आम्ही देणारच होतो हो, भाऊ डॉक्टर आहे का?" अर्ध्या तासाने पाय सरळ करू दिला, आणि आत नेताना आई म्हणाली, "माझा चष्मा कुठं ठेवलास?"

वर्गणी आज रात्री भरतो.